केळीनं प्यालेलं तळं

बोरसीमच्या बायांनी ते तळं डोक्यावर वाहून बांधलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम काढलं आणि पुढचं दीड वर्ष सगळं गाव त्या मातीवर जगलं. दिवसभर पाट्या वाहायच्या, दुपारी वाटलेली सुकडी, भाजक्या पिठाची भुकटी, मूठमूठ खायची आणि संध्याकाळी रेशनची लाल मिलो ज्वारी रांधायची. ती मिलो अमेरिकेहून आलेली. भाकरी थापली की परातीतच फाटायची आणि खाल्ली की पोटात दगड घातल्यासारखं व्हायचं. तेव्हा रुक्माबाई नवीनच सासरी आलेली, मांडीवर तान्हा रतिलाल. बांधाच्या कडेच्या निंबाला झोळी बांधायची, पोराला त्यात टाकायचं आणि मातीची पाटी उचलायची. पोर रडून रडून गप्प व्हायचं. पाटी खाली ठेवली तर मुकादम हजेरी कापायचा.

तळं झालं तेव्हा साहेबानं जमलेल्या लोकांना समजावून सांगितलं होतं, की या तळ्यातलं पाणी कुणी उचलायचं नाही. ते जमिनीत मुरू द्यायचं. मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना लागेल आणि विहिरीतून वर येईल ते सगळ्यांचं. झालंही तसंच. तळ्याखालच्या विहिरी पौषातही हात घालावा इतक्या वर आल्या. पावसाळा संपला की गाव दादर पेरायचं. दादर म्हणजे खान्देशची रब्बीची ज्वारी, मोत्यासारखी टपोरी नि पांढरी. थंडीवर आणि जमिनीच्या ओलीवर ती येतेच. मधे विहिरीचं एखादं पाणी मिळालं तर कणसं वाकून जातात. त्या तळ्यानंतर पंधरासोळा वर्षं बोरसीमनं रेशनच्या दुकानाचं तोंड साखर-रॉकेलापुरतंच पाहिलं. आपल्या शेतातलं, आपल्या कणगीतलं, आपल्या जात्यातलं खाल्लं.

मग लीलाधर नानानं केळी लावली.

लीलाधर नाना विकास सोसायटीचा चेअरमन. तालुक्याला वट, जीपवाल्या साहेबांशी ऊठबस. तळ्याला लागून त्याचं वीस एकराचं रान होतं. रावेर-यावलकडचे त्याचे सोयरे केळीवर माड्या बांधून बसलेले. त्यांचं पाहून त्यानं आधी दोन एकर लावली, मग पाच, मग सगळी वीस. पारोळ्याकडची जमीन काही तापीकाठची नव्हे. इथं केळी म्हणजे ढेकळात मासा पाळण्यासारखं. पण नानानं तळ्यात पाइप सोडले, काठावर पत्र्याची खोली बांधली, दोन मोटारी बसवल्या. लाईट आली की मोटारी सुरू आणि लाईट गेली की बंद. पहिली दोनतीन वर्षं पाऊस बरा झाला, तळं भरत राहिलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. एक्याण्णव साली पावसानं दगा दिला. तळं अर्धंमुर्धं भरलं आणि कार्तिक संपता संपता खालच्या विहिरी बसल्या.

आता रुक्माबाईच्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खरी आग तिथंच होती.

तिचा नवरा भिकन मऊ माणूस. तीन एकराचं वावर, एक विहीर, एक बैल. दुसरा बैल मेला तो पुन्हा घेता आला नाही. रतिलाल एकोणीस-वीस वर्षांचा झाला होता. बापाच्या वावरात दोघांपुरतं काम नाही, म्हणून तो नानाकडं सालदार राहिला. सालदाराला सालाचा दाणा मिळायचा, नानाच्या कोठारातली जुनी, चांगली दादर. आणि रतिलालचं काम काय, तर तळ्याकाठच्या मोटारी चालू-बंद करणं आणि केळीला पाणी भरणं.

म्हणजे भिकनच्या विहिरीतलं पाणी भिकनचाच पोरगा पळवत होता आणि त्याचीच भाकरी घरात भाजली जात होती. हे रुक्माबाईला कळत नव्हतं असं नाही. पण भूक लागली की कळलेलं बाजूला ठेवता येतं. तिनंही ते ठेवलं होतं, गिरणीतल्या त्या दिवसापर्यंत.

पौषातली सकाळ. गिरणीत बायांची गर्दी. बहुतेकींच्या डब्यात रेशनचा गहू, किडे पडलेला, ओलीचा वास मारणारा. रुक्माबाईचं दळण निघालं आणि पांढरंशुभ्र पीठ डब्यात पडायला लागलं, तशी मागं उभी असलेली मंजुळाबाई पुढं झाली. मंजुळाबाई रांडमुंड बाई, दोन पोरी पदरात, एकटीनं दोन एकर कसायची. तिनं रुक्माबाईच्या पिठात बोटं घातली, चिमूटभर तोंडात टाकलं.

"दादर शे का वं हाई?"

"व्हय."

"गोड शे," मंजुळाबाई म्हणाली. "मनी दादर कंबरलोंग उनी आनी उभी वाळी गई. इहिरना तळ दिसी राहिना." ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. "आमनं पानी तुना घरमा पीठ व्हईसन उनं, रुक्मा."

गिरणीचा पट्टा फटफटत होता. बाकीच्या बाया कुठं पाहावं ते न कळून आपापल्या डब्यांकडं पाहू लागल्या. रुक्माबाईनं डबा उचलला आणि ती बाहेर पडली. वाटेत तिला वाटलं, डबा नाल्यात ओतून द्यावा. मग वाटलं, दाण्यानं काय पाप केलं? डबा काखेला लावून ती घरी आली.

दुपारी रतिलाल जेवायला आला. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"आज मोटार तू चालू करी का?"

"मंग कोन करी? मी सालदार शे."

"तुना बापनी इहीर कोरडी पडनी."

"मले दिसत नही का, माय?" रतिलालनं घास खाली ठेवला. "पन मी मोटार बंद करी तर नाना दुसराले ठेई. पानी जाईच. आपला दाना तेवढा जाई."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच रुक्माबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराला तिनं उपाशी मोठं केलं होतं. त्याच्या तोंडून आता असं शहाणपण निघत होतं की पुढं बोलायला जागाच राहत नव्हती. ती म्हणाली, "मले नको तो दाना. आजपाईन नको."

"पोटना मामला शे वं," दारात बसलेला भिकन हळूच म्हणाला.

"पोटनाच शे!" ती ओरडली. "कोन्हा पोटना, तेच इचारस मी!"

त्या दिवसापासून ती मंजुळाबाईसारखा रेशनचा गहू खाऊ लागली. भिकनला आणि रतिलालला दादरची भाकर, तिला वासाच्या गव्हाची पोळी. रतिलालनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून तो नानाच्या खळ्यावरच जेवू लागला. घरात एक माणूस कमी जेवतंय आणि दुसरं मुद्दाम वाईट खातंय, असं ते चाललं.

पण नुसतं वाईट खाल्ल्यानं पाणी येत नाही, हे रुक्माबाईला समजत होतं. ती मंजुळाबाईकडं गेली, मग म्हाताऱ्या धुरपदाबाईकडं. धुरपदाबाई सत्तरीची, तोंडात दात नाही, पण जिभेला धार. तळ्याच्या कामावर मुकादमाला चापट मारणारी ती एकटीच होती आणि तरी तिची हजेरी कापायची कुणाची छाती झाली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतला दिन कठे व्हत्यात वं तुम्हीन? मी वाट पाही राहिनती."

बाया तालुक्याला गेल्या. बसचं तिकीट जमलं तेवढ्याच गेल्या. कचेरीच्या ओट्यावर उन्हात बसून राहिल्या. संध्याकाळी साहेबानं आत बोलावलं, अर्ज घेतला आणि माणूस पाठवतो म्हणाला. माणूस खरंच आला, पण येण्याआधी एक दिवस नानाला निरोप मिळाला होता. त्या दिवशी रुक्माबाई वावरातून परत येत होती. समोरून नानाची बैलगाडी आली. गाडीत केळीचा पाला रचलेला आणि पाल्याखालून मोटारीचं काळं बूड दिसत होतं. गाडी रतिलाल हाकत होता. माय-लेकाची नजरानजर झाली. रतिलालनं बैलांना चाबूक ओढला. आजवर त्यानं बैलांवर हात उचललेला तिनं पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीप आली. पाहणीला आलेले भाऊसाहेब नानाच्या ओसरीवर चहा घेऊन मग तळ्यावर आले. बाया आधीच उभ्या होत्या. पाण्यात दोन जाड पाइप बुडालेले आणि काठावर पत्र्याची खोली, आत भिंतीला लाईटचा डबा.

"हे बघा, पाइप आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "पण मोटार कुठं आहे? मोटार नाही म्हणजे उपसा नाही."

"मंग साहेब, पाइप तठे कशाले शेत? म्हशी बांधाले?" धुरपदाबाईनं विचारलं.

दोनचार माणसं हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. "आजी, आम्हाला जे दिसतं ते लिहावं लागतं."

रुक्माबाई पुढं झाली. तिला शुद्ध बोलता येत नव्हतं, तरी तिनं साहेबाला कळावं म्हणून शब्द जुळवले. "साहेब, काल मोटार इथंच होती. गाडीत घालून नेली. मी डोळ्यानं पाहिली."

"गाडी कोण हाकत होतं?"

 मागच्या बाया सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. मंजुळाबाईही. सांगितलं असतं तर लेकाच्या हातात बेडी. न सांगितलं तर सगळ्या बायांच्या तोंडात माती. 

"मना आंडोर," ती म्हणाली. "मना पोऱ्या व्हता. रतिलाल भिकन. लिखी ल्या."

भाऊसाहेबांनी पेन उचललं, नानाकडं पाहिलं, पेन खिशात ठेवलं. "घरगुती भांडणात आम्ही पडत नाही," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

बाया बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. जीप दिसेनाशी झाली तरी कुणी हललं नाही. पोटच्या पोराचं नाव बाईनं भर गावात उच्चारलं, आणि त्यांनी ते नाव असं खिशात टाकलं, जशी विडी टाकावी! रुक्माबाईला रडू आलं नाही.  संध्याकाळी लाईट आली आणि तळ्याकडून मोटारीचा घुमणारा आवाज सुरू झाला. एका दिवसाचीही लाज धरली नाही.

तो आवाज ऐकत ती घरात गेली. रतिलालच्या सालाच्या दादरीचं जे पोतं उरलं होतं, त्याचं तोंड तिनं सुतळीनं शिवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या लाईटच्या वेळेला बाया निघाल्या. कुणी विळा घेतला, कुणी कुऱ्हाड, धुरपदाबाईनं नुसती काठी. रुक्माबाईच्या डोक्यावर ते पोतं. भिकननं दारात आडवं होऊन पाहिलं. "रुक्मा, पोरगा तठे शे," एवढंच तो म्हणाला.

"म्हनीसनच जास मी," ती म्हणाली.

तळ्याचं पाणी आता मधोमध डबक्याएवढं राहिलं होतं. भोवती चिखल, त्याला भेगा. डबक्यात दोन्ही पाइपांची तोंडं सोडलेली आणि खोलीतून काढून डबक्याच्या काठाला मांडलेल्या मोटारी पाणी ओढत होत्या, तान्हं वासरू आचळ ओढतं तशा, पण पोट न भरणाऱ्या भुकेनं. पत्र्याच्या खोलीच्या दारात रतिलाल बसला होता. बाया दिसल्या तसा उभा राहिला.

"माय, परती जाय."

"मोटार बंद कर."

"नाना येई राहिना. परती जाय म्हंतस ना!"

धुरपदाबाईनं काठी बांधाकडं केली. "त्या निंबले तुनी झोळी बांधेल व्हती रे. तू रडे आनी तुनी माय माती वाहे. तवय तू आमना सगळासना पोऱ्या व्हतास. आते कोन्हा शेस?"

 रतिलालची मान खाली गेली, पण तो दारातून हलला नाही.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. लीलाधर नाना, मागं त्याचा एक माणूस. नाना उतरला, बायांकडं पाहिलं आणि शांतपणे हसला. त्याला सवय होती. बाया आल्या की त्यांच्या पुरुषांना समजावून त्या घरी पाठवायच्या, एवढंच. मग त्याला रुक्माबाई दिसली.

"रुक्माबाई, तुना चुल्हावर मना दाना शिजस. आनी तू मनीच मोटार बंद कराले उनी?"

रुक्माबाईनं डोक्यावरचं पोतं उतरवलं. ते तिनं फेकलं नाही, सांडलंही नाही. नानाच्या पायाशी सरळ उभं ठेवलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमना दाना हाऊ ल्या, नाना. आते आमनं पानी द्या."

"पानी काय तुना बापनं शे का?"

"बापनं नही," धुरपदाबाई मागून म्हणाली. "डोकानं शे. आमना डोकावरथीन वाहेल शे हाई तळं. तू तवय शाळामा व्हतास, जळगावले."

नानाचं हसू गेलं. त्यानं आवाज चढवला, केळी म्हणजे काय, एक घड किती लोकांना कामाला लावतो, ट्रकवाले, हमाल, कापणीवाले, दिल्लीपर्यंत बोरसीमचं नाव जातं, आणि तुम्ही बसल्या ज्वारी-ज्वारी करत, ज्वारी खाऊन कोण मोठं झालं. रुक्माबाई ऐकत होती. नाव दिल्लीला जातं म्हणे! जातं ते पाणी, ती मनात म्हणाली, सालीत भरून जातं. तिनं साडीचा काचा मारला आणि ती चिखलात उतरली. तिच्यामागं मंजुळाबाई, मग बाकीच्या. चिखल गुडघ्याएवढा, थंड. कुणी पडली, कुणी उठली. पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. ती दोघीतिघींनी मिळून वर ओढायला घेतली.

"रत्या!" नाना गरजला. "बघत काय उभा राहिना? काढ या बायासले बाहेर!"

रतिलाल जागच्या जागी उभा होता.

"नाना, माय शे ती."

"मंग आजपाईन तू मना सालदार नही. हट बाजूले." नानानं आपल्या माणसाला खूण केली. तो माणूस चिखलाकडं निघाला. लाईट चालू होती, मोटारी घुमत होत्या, खोलीतून मोटारींना आलेली वायर चिखलातून गेलेली आणि बाया ओल्या अंगानं त्या पाइपाला झोंबलेल्या.

रतिलालनं वळून डब्याचा दांडा खाली ओढला. मोटारी थांबल्या. मग त्यानं आतला फ्यूज काढला, मुठीत घेतला आणि बांधावरून चालू लागला. बायांच्या बाजूनं आला नाही. नानाच्या बाजूनंही गेला नाही. चालत चालत बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यानं तो फ्यूज कोरड्या नाल्यात भिरकावला आणि गावाच्या दिशेनं निघून गेला. मायकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

रुक्माबाईला त्याला हाक मारावीशी वाटली. पण हात पाइपावर होते आणि पाइप वर येत होता. जाळी चिखलातून सुटली. मंजुळाबाईनं कुऱ्हाड घेतली. एका घावात काही झालं नाही. दुसरा घाव, तिसरा. मंजुळाबाई प्रत्येक घावाला काहीतरी म्हणत होती, पोरींची नावं असावीत. मग पाइप चिरला. नानाचा माणूस काठावरच थांबला. कुऱ्हाड हातात असलेल्या बाईच्या जवळ जायला त्याला कुणी सालाचा दाणा देत नव्हतं.

दोन्ही पाइपांचे तुकडे बांधावर आणून टाकले तेव्हा बायांची तोंडं, केस, साड्या, सगळं एका रंगाचं झालं होतं.

पोलिसांची गाडी दिवस मावळायच्या आत आली. यावेळी मात्र सगळं दिसलं. मोटार दिसली, तुटलेले पाइप दिसले, कुऱ्हाड दिसली. बायांना गाडीत घातलं, चिखलासकट. ठाण्यात व्हरांड्यात बसवलं. धुण्यासाठी पाणी नव्हतं. तिथंही पाण्याचा टँकर दिवसाआड येत होता. चिखल वाळून अंगावर ताणत होता.

जेवणाच्या वेळेला शिपायानं एक टोपली आणली. केळी. पिवळीधमक, हाताएवढी.

"चेअरमन साहेबांनी पाठवली," शिपाई म्हणाला. "म्हणाले, गावच्या बाया उपाशी राहायला नको."

 मंजुळाबाईनं टोपलीकडं अशा नजरेनं पाहिलं की शिपाई दोन पावलं मागं सरला.  कोणीतरी टोपलीला लाथ मारणार इतक्यात धुरपदाबाईनं हात घातला, एक केळं उचललं, सोललं आणि बोळक्या तोंडात निम्मं कोंबलं.

"खा वं बठ्ठ्याजनी," ती चावत म्हणाली. "हाई त्यानं केळं नही. आपलंच पानी शे."

आधी एकीला हसू आलं, मग दुसरीला, मग सगळ्या व्हरांडाभर. शिपायाला कळेना काय झालं. बाया हसत होत्या आणि केळी सोलत होत्या आणि काहींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रुक्माबाईनं खाल्लं नाही. तिला हसूही आलं नाही. टोपलीतलं सालपट तिनं हातात घेतलं आणि चुरगाळत राहिली. जे पाणी मंजुळाबाईच्या पोरींच्या ताटात दादर होऊन यायचं, ते आता या व्हरांड्यात दान म्हणून आलं होतं. वर त्याला चेअरमनचं नाव.

दुसऱ्या दिवशी बायांना जामीन झाला. पण कुणा वार्ताहरानं चिखलानं माखलेल्या बायांचा फोटो जळगावच्या पेपरात छापून आणला आणि मग मोठा साहेब, प्रांत, स्वतः तळ्यावर आला. त्याला आता तुटलेले पाइप न पाहणं शक्य नव्हतं. उपसा बंद करण्याचा हुकूम निघाला. पत्र्याच्या खोलीला लाखेचं सील लागलं. बायांवरचा तोडफोडीचा खटला मात्र तसाच राहिला. तारखांना जात जात पुढं काही वर्षांनी धुरपदाबाई वारली, तरी तिच्या नावाचा पुकारा होत राहिला.

तळ्यातलं उरलंसुरलं डबकं मुरलं आणि काही विहिरींना ओंजळ-ओंजळ पाणी आलं. भिकनची निम्मी दादर वाचली. मंजुळाबाईची आधीच गेलेली, ती काही परत आली नाही. तिनं उभी वाळलेली ताटं कापून गुरांना घातली. रुक्माबाईनं आपल्या खळ्यावरून तिला दाणा नेऊन दिला. मंजुळाबाईनं तो घेतला आणि म्हणाली, "हाई भीक नही ना?" रुक्माबाई म्हणाली, "नही. तुना पानीना वाटा शे." पण दोघींनाही ठाऊक होतं, की तेवढ्यानं फाल्गुन निघेल आणि चैत्रात पुन्हा रेशनच्या दुकानापुढं उभं राहायचंच आहे.

रतिलाल घरी आला तो तळ्यावरच्या त्या दिवसानंतर आठ दिवसांनी. त्याला आता गावात कुणी सालदार ठेवेना. नानाच्या शब्दाबाहेर कोण जाणार? त्यानं पिशवी भरली आणि तो सुरतला गेला, तिथल्या उधन्याच्या यंत्रमागांवर, जिथं खान्देशातली निम्मी पोरं जातात. निघताना बापाच्या पाया पडला. मायच्या पाया पडला नाही. दारात थांबून म्हणाला, "साहेबापुढं मनं नाव सांगं तू."

"सांगं," रुक्माबाई म्हणाली. "तू गाडी हाकत व्हतास."

"व्हतू."

रतिलालनं पिशवी खांद्याला लावली. तो गेला.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तो परत आला. खान्देशात आखाजीला परगावी गेलेली माणसं घरी येतात. लेकी माहेरी येतात, निंबांना झोके बांधतात. तो हडकला होता, कानात मागाचा खडखडाट बसल्यासारखा मोठ्यानं बोलत होता. रुक्माबाईनं दादरची भाकर थापली. त्यानं चार खाल्ल्या. पाचवी तिनं न विचारता वाढली. ती वाढताना तिच्या मनात आलं, आता त्या दिवसाचं बोलेल. पण बोलायच्या आधी बाहेरून घरघर ऐकू आली. मोटारीची नव्हती ही घरघर. जमीनच कुणीतरी दाताखाली धरल्यासारखी.

"काय शे ते?" तिनं विचारलं.

"बोरनं मशीन," रतिलाल म्हणाला. "नाना बोर मारी राहिना, केळीना वावरमा. तळाना बांधपाईन जराशी लांब. सकाळीच मशीनवाला भेटना मले. तीनशे फूट म्हंतस."

रुक्माबाईची भाकर तव्यावरच राहिली. गावातल्या विहिरी चाळीस फुटांच्या.

"तळाले हात लावाना हुकूम शे ना! सील शे ना!"

"तळाले शे, माय. त्याना वावरले नही. आपला वावरमा बोर माराले कोन्ही परवानगी लागत नही." तो ताटाकडं पाहत होता. "तो हारेल नही. तो खाले उतरी राहिना, बस."

"मना संगे येस का तू?"

"मी सकाळनी गाडीथीन सुरतले जास." त्यानं ताट बाजूला सारलं. "तू कितला दिन भांडशी? त्याना पैसा खाले खाले जात राही. तुना हात कठलोंग पुरतीन?"

तव्यावर भाकर करपून धूर निघाला. तिनं ती उचलून बाजूला टाकली. करपलेल्या दादरीचा वास घरभर पसरला आणि तिला इतका संताप आला, की डोळ्यांपुढं काही दिसेना. नानाचा, साहेबाचा, त्या मशीनचा, बरोबर बोलणाऱ्या या पोराचा. तिनं चूल विझवली, हात पुसले आणि ती बाहेर पडली.

मंजुळाबाई आपल्या दारातच उभी होती, तिनंही ऐकलं होतं. "आते काय करशी वं? वावर त्यानं शे. बोर त्याना शे."

"वावर त्यानं शे," रुक्माबाई म्हणाली. "वावरखालनं पानी कोन्हं शे?"

"हाई कोनत्या साहेबले इचारशी?"

"साहेबले नही इचारत. चाल तू."

मंजुळाबाईनं पोरींना आत ढकलून कडी लावली. धुरपदाबाईच्या दारातून म्हातारी काठी टेकत निघाली. झोक्यांवरच्या लेकी गाणी थांबवून पाहू लागल्या, आणि त्यातल्या दोघीतिघी उतरून मागं आल्या. केळीच्या रानाच्या कडेला मशीन उभं होतं, ट्रकावर बसवलेलं, ताडासारखं उंच. भोकातून राखेसारखी भुकटी भसाभसा वर उडत होती आणि सगळ्या रस्त्यावर, केळीच्या पानांवर, माणसांच्या तोंडांवर बसत होती. मशीनवाला परगावचा, तेलगू बोलणारा. त्याला कुणाशी देणंघेणं नव्हतं. रुक्माबाई सरळ चालत गेली आणि त्या भोकाच्या काठाशी, उडणाऱ्या भुकटीत, मांडी घालून बसली. मशीनवाल्यानं ओरडून हात हलवले. ती उठली नाही. मग मंजुळाबाई तिच्या शेजारी बसली, मग म्हातारी, मग झोक्यावरच्या पोरी. मशीनवाल्यानं शिवी हासडली आणि यंत्र बंद केलं. तशी एकदम झालेल्या शांततेत, वाटेवरून येणाऱ्या नानाच्या मोटरसायकलचा आवाज ऐकू येऊ लागला.